बसून काम करणाऱ्यांची कंबर: आधी दम वाढवा, मग ताकद

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की वय ३४, टिळकवाडीत घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम, रोजचे नऊ-दहा तास लॅपटॉपसमोर, दोन वर्षांत तिसऱ्यांदा कंबर धरली, एमआरआय केला तर कमरेच्या एल-चार आणि एल-पाच या मणक्यांमधली गादी थोडी बाहेर आलीय असं रिपोर्टमध्ये आलं, घरचे म्हणतात बेल्ट लावून पडून राहा, मित्र म्हणतात जिम लाव, आणि महिन्यातनं एकदा रात्रीच्या बसने बेंगळूरला जावंच लागतं, तर नेमकं करायचं काय आणि व्यायाम कुठले. मी बेळगावात बरीच वर्षं फिजिओथेरपी करते आणि हाच प्रश्न थोड्याफार फरकाने रोज कुणी ना कुणी घेऊन येतं, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

व्यायामाच्या आधी एक गोष्ट तपासून घ्या. लघवी अडकतेय किंवा नकळत होतेय, संडासच्या जागेभोवती आणि मांड्यांच्या मधे बधिर वाटतंय, पायाचा पंजा वर उचलता येत नाही, चप्पल पायातनं निसटतेय, यातलं काहीही असेल तर पुढचं वाचत बसू नका, आजच्या आज हॉस्पिटलला जा, अशात तासांचा सुद्धा फरक पडतो. तसंच कंबरदुखीबरोबर ताप, वजन उतरणं, रात्री पडल्यावर सुद्धा न थांबणारी कळ असेल तर आधी डॉक्टरकडून तपासणी, कारण आपल्याकडे मणक्याचा टीबी अजून दिसतो आणि तो व्यायामाने जात नाही. पूर्वी कॅन्सर झालेला असेल, पडझड किंवा अपघात झाला असेल, हाडं ठिसूळ असतील तरी हेच. यातलं काही नसेल तर तुमचं दुखणं बहुतेक त्या मोठ्या गटातलं आहे जिथे हालचाल हेच औषध आहे.

आता एमआरआय. तुमच्या प्रश्नात सगळ्यात जास्त भीती मला त्या रिपोर्टची दिसली. आपल्याकडे कसं होतं, रिपोर्ट हातात आला की 'मणक्यात गॅप पडला' असं घरभर होतं आणि माणूस बादली उचलायला पण घाबरायला लागतो. २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात ३३ अभ्यासांमधले ३,११० लोक होते आणि त्यातल्या एकाचीही पाठ दुखत नव्हती, तरी विशीतल्या ३० टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या दिसल्या, तिशीत ४० टक्के, पन्नाशीत ६० टक्के. म्हणजे तुमच्या वयाची, काहीही न दुखणारी दहा माणसं धरून एमआरआय केला तर साधारण चौघांच्या रिपोर्टमध्ये तेच लिहून येईल जे तुमच्या रिपोर्टमध्ये आलंय. रिपोर्ट खोटा आहे असं मी म्हणत नाही. पायात कळ जात असेल, मुंग्या येत असतील आणि त्या जागेशी रिपोर्ट जुळत असेल तर त्याला अर्थ आहे, पण नुसती कंबर दुखत असेल तर त्या एका ओळीवरून आयुष्यभर वाकायचं नाही, उचलायचं नाही असं ठरवू नका. गादीचा बाहेर निसटलेला भाग तर कितीतरी वेळा आपोआप आक्रसतो पण.

पडून राहण्याबद्दल पण एकदा स्पष्ट सांगते. १९८६ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला, कंबर धरलेल्या लोकांपैकी काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस झोपून राहायला सांगितलं, बरं व्हायला दोघांना सारखाच वेळ लागला, फक्त दोनवाले कामावर लवकर परतले. इतकी वर्षं झाली त्याला, तरी आपल्याकडे अजून 'पंधरा दिवस पलंग सोडायचा नाही' असं सांगणारे भेटतात. पहिले एक-दोन दिवस फार कळ असेल तर पडा, गुडघ्याखाली उशी घ्या, शेक घ्या, पण दर तासाला उठून घरातल्या घरात चार फेऱ्या मारायच्याच.

मग दुखतं कशाने? बसणं वाईट म्हणून दुखतं एवढं सोपं ते नाही. जून-जुलैत येळ्ळूर, वडगाव, खानापूरकडच्या बायका भाताची रोपं लावायला दिवसदिवस चिखलात वाकून असतात, त्या पण कंबर धरूनच माझ्याकडे येतात आणि त्या तर कधी खुर्चीत बसलेल्या नसतात. म्हणजे अडचण एकाच अवस्थेत तासन्‌तास राहण्याची आहे, मग ती बसलेली असो नाहीतर वाकलेली. मणक्यातल्या गादीला मोठ्या माणसात स्वतःचा असा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, तिचं पोषण आजूबाजूने झिरपून होतं आणि त्याला हालचाल लागते, दाब पडला-सुटला, पडला-सुटला असं चालू राहायला लागतं. तुम्ही सकाळी नऊला बसून दीडला जेवायला उठता, तोवर हे दाब पडणं-सुटणं जवळपास बंद.

दुसरी गोष्ट स्नायूंची, आणि तुमच्यासाठी हीच मुख्य. बसून काम करणाऱ्याच्या पाठीत ताकद नसते असं नाही, दम नसतो. तुम्हीच लिहिलंय की सकाळी बरं असतं आणि चार-पाचनंतर कंबर 'सोडते'. पाठीचे हे स्नायू बँकेच्या दारातल्या वॉचमनसारखे आहेत, त्यांना एकदाच जोर लावून काही उचलायचं नसतं, दिवसभर थोडं थोडं जागं राहायचं असतं. १९८४ साली डेन्मार्कमध्ये एक अभ्यास झाला, लोकांना टेबलावर पालथं झोपवून कमरेच्या वरचं अंग हवेत अधांतरी किती वेळ धरता येतं ते मोजलं, आणि पुढे वर्षभर बघितलं तर ज्या पुरुषांचा हा दम चांगला होता त्यांना पहिल्यांदा कंबर धरण्याचा प्रकार कमी झाला. अजून एक, १९९६ साली ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात दिसलं की कंबर एकदा धरून दुखणं गेलं तरी मणक्याला चिकटून असलेला मल्टिफिडस नावाचा बारीक स्नायू आपोआप पहिल्यासारखा भरत नाही, त्याला वेगळा व्यायाम द्यावा लागतो. तुमची कंबर दोन वर्षांत तीनदा का धरली याचं अर्धं उत्तर इथे असू शकतं, दुखायचं थांबलं की तुम्ही व्यायाम पण थांबवलात, सगळेच थांबवतात.

म्हणून माझा क्रम असा की आधी दम, मग खुब्याची आणि मांड्यांची ताकद, मग वजन. हा क्रम उलटा करून थेट जिममध्ये जाऊन वजन उचलणारे आणि मग लचक भरवून घेणारे मी भरपूर बघते.

दम वाढवायला तीन व्यायाम. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक स्टुअर्ट मॅगिल यांनी मणक्यावर किती भार पडतो हे मोजत आयुष्य घालवलं, त्यांनी निवडलेले हे तीन, कारण यात स्नायूंना पुरेसं काम मिळतं आणि मणक्यावर दाब कमी पडतो. मशीन लागत नाही, सतरंजी पुरे.

पहिला, पोटाचा. पाठीवर झोपा, एक पाय सरळ, एक गुडघा वाकवून तळवा जमिनीवर. दोन्ही तळहात कमरेच्या पोकळीत सरकवा, ती पोकळी तशीच राहू दे, कंबर खाली दाबून सपाट करायची नाही. आता पोट जरासं ताठ करा, कुणी बोट टोचणार आहे असं समजून, आणि फक्त डोकं आणि खांदे जमिनीपासून दोन-तीन बोटं उचला, मान छातीकडे ओढू नका, मान आणि छाती मिळून एकच तुकडा वर येतोय असं. आठ-दहा सेकंद थांबा, श्वास चालू ठेवा, खाली या. बघणाऱ्याला वाटेल काहीच करत नाही हा माणूस, पण नीट केलात तर पाचव्या वेळेला पोट थरथरायला लागतं. शाळेत करायचो ते पाय धरून पूर्ण उठून बसण्याचे सिट-अप्स तुम्ही सध्या करू नका, त्यात मणक्यावर फार दाब येतो आणि दुखऱ्या गादीला तोच नको असतो.

दुसरा, कुशीचा. एका कुशीवर झोपा, कोपर बरोबर खांद्याच्या खाली, गुडघे वाकवलेले, आणि खुबा वर उचला, गुडघा, खुबा आणि खांदा एका रेषेत. वरचा हात खालच्या बाजूच्या खांद्यावर ठेवा. आठ-दहा सेकंद, मग दुसरी कूस. खांदा दुखत असेल तर जमिनीवर करू नका, भिंतीला कोपर टेकून तिरकं उभं राहून करा. पंधरा दिवसांनी सोपं वाटायला लागलं की गुडघ्यांऐवजी पाय सरळ करून पावलांवर. एका बाजूला छान जमतं आणि दुसऱ्या बाजूला अंग लटपटतं असं बऱ्याच जणांचं असतं, त्या कच्च्या बाजूला एक-दोन वेळा जास्त करा.

तिसरा, पाठीचा. हात आणि गुडघ्यांवर या, पाठ टेबलासारखी सपाट. उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे, सावकाश, पाय जमिनीला समांतर होईल एवढाच, त्याहून वर गेला की कंबर मोडते आणि सगळा फायदा जातो. हाताची मूठ वळा म्हणजे पाठीचा वरचा भाग पण कामाला लागतो. आठ-दहा सेकंद, मग खाली, मग दुसरी बाजू. घरी बघायला कुणी नसेल तर एक उपाय सांगते, कमरेवर एक प्लास्टिकची वाटी ठेवा, अर्धी पाण्याने भरून. पाय मागे नेताना कंबर एका बाजूला कलंडली की पाणी पाठीवर सांडतंच. सुरुवातीला सगळ्यांचं सांडतं. ज्या दिवशी सांडायचं बंद होईल त्या दिवशी समजा मल्टिफिडस जागा झाला.

किती वेळा? पाच वेळा करा, थोडं थांबा, तीन वेळा करा, थोडं थांबा, एकदा करा. असं तिन्हीचं. आठवडा झाला की सहा-चार-दोन, मग आठ-सहा-चार. धरायचा वेळ दहा सेकंदांच्या वर नेऊ नका, संख्या वाढवा. मिनिट-मिनिट प्लँक, म्हणजे कोपरं आणि पावलांवर अंग ताठ, धरून फोटो टाकणाऱ्यांचं बघून लोकांना वाटतं तेच खरं, पण दुखऱ्या कमरेला छोटे छोटे धरणे आणि मधे विसावा हेच मानवतं, स्नायू थकून आकार बिघडायच्या आधी थांबायचं असतं. रोज करायचं, पंधरा मिनिटांच्या आत होतं.

आता खुबा. मला विचाराल तर टेबलवाल्यांच्या कंबरदुखीत अर्धं दुखणं कमरेचं नसतंच, खुबा आपलं काम करत नाही म्हणून कंबर ते करत असते. शहापूरच्या एका पतसंस्थेत काम करणाऱ्या एक बाई माझ्याकडे यायच्या, पंचेचाळीसच्या आसपास वय, दिवसभर कॉम्प्युटर आणि खालच्या कप्प्यातले जाड रजिस्टर. त्यांना म्हटलं वाकून दाखवा तुम्ही रजिस्टर कसं काढता. गुडघे ताठ, खुबा जागच्या जागी, आणि कमरेतून सगळी पाठ गोल झाली, दिवसातनं कित्येक वेळा तसंच. मग त्यांच्या पाठीला उभी काठी लावली, डोक्याचा मागचा भाग, दोन खांद्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी काठी टेकलेली पाहिजे आणि तशीच वाका म्हटलं. दर वेळी खालचं टोक सुटायचं. 'काय ओ हे, जमेनाच की' म्हणाल्या. मग त्यांना भिंतीकडे पाठ करून, भिंतीपासून एक पाऊल पुढे उभं केलं आणि वाकायला सांगितलंच नाही, फक्त बूड मागे नेऊन भिंतीला टेकवा म्हटलं. गुडघे आपोआप थोडे सैल पडले, मांडीच्या मागच्या बाजूला ताण आला, काठी तिन्ही ठिकाणी टेकलेली राहिली. हेच खुब्यातून वाकणं. तुम्ही पण असंच शिका, भिंत आणि झाडूची लांब काठी घेऊन, रोज दहा वेळा, आणि मग दिवसभरात जिथे जिथे वाकाल तिथे तेच, बेसिनवर दात घासताना, फ्रीजच्या खालच्या कप्प्यातनं काही काढताना, पोराला उचलताना. व्यायाम पंधरा मिनिटं असतो, वाकणं दिवसभर असतं.

पाठ कधीच गोल करायची नाही असा याचा अर्थ नाही हं. पाठ वाकण्यासाठीच बनलीय, बूट घालताना गोल झाली तर आभाळ कोसळत नाही. सध्या दुखरी आहे आणि खुब्याला कामाची सवय नाही म्हणून हा नियम, पुढे दोन्ही प्रकारे वाकता आलं पाहिजे.

खुब्याच्या ताकदीसाठी आधी ब्रिज. पाठीवर झोपून दोन्ही गुडघे वाकवलेले, टाचा दाबून बूड वर उचला, वर गेल्यावर बैठकीचे स्नायू घट्ट आवळा, पाच सेकंद, खाली. दहा-बारा वेळा, दोन-तीन फेऱ्या. मांडीच्या मागे गोळा येत असेल तर टाचा बुडाच्या थोड्या जवळ घ्या, म्हणजे काम बैठकीच्या स्नायूंवर जातं. सोपं झालं की एका पायावर. दुसरा, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, बसताना सावकाश, धप्पकन नाही, खुर्चीला फक्त स्पर्श करून परत वर. आपल्या तालमीतल्या बैठका याच जातीच्या, फक्त तिथे वेग असतो आणि गुडघे पूर्ण मिटतात, तुम्ही खुर्चीपासून सुरू करा. ज्यांच्या घरी अजून खाली मांडी घालून जेवायची पद्धत आहे त्यांनी ती मोडू नका, दिवसातनं दोन-तीनदा जमिनीवरून उठणं-बसणं हा मांड्यांचा फार चांगला व्यायाम आहे, गुडघ्यांचा त्रास नसेल तर.

पाठीच्या वरच्या भागासाठी एक रबराचा बँड घ्या, खिडकीच्या गजाला अडकवा आणि दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढा, कोपरं अंगाला घासून मागे जाऊ देत. पंधरा वेळा, दोन-तीन फेऱ्या. खांदे पुढे पडलेले असतात ते याने सावरतात, मानेचं दुखणं पण बऱ्याच जणांचं कमी होतं.

साधारण चार-सहा आठवडे हे नीट झालं की वजनाकडे या, आणि इथे घाबरायचं नाही. आपल्याकडे कितीतरी भागात रोज नळाला पाणी येत नाही, येईल त्या दिवशी भरून ठेवायला लागतं, तर ती बादलीच तुमचं डंबेल. एका हातात अर्धी बादली घ्या, म्हणजे पाच-सहा किलो झाले, दुसरा हात मोकळा, आणि एकदम सरळ चाला, बादलीकडे कलायचं नाही आणि उलट्या बाजूला पण कलायचं नाही. परसातल्या दोन-तीन फेऱ्या, मग हात बदला. एका बाजूचं वजन अंगाला खाली ओढतं आणि कुशीचे, कमरेचे खोल स्नायू ते धरून ठेवतात, कुठल्याही मशीनवर इतकं साधं आणि इतकं उपयोगी काम मिळत नाही असं माझं मत आहे. हळूहळू पूर्ण बादलीपर्यंत जा. आणि दहा किलोची तांदळाची पिशवी जमिनीवरून उचला, काठीवर शिकलात तसं खुब्यातून वाकून, पिशवी अंगाजवळ, आठ-दहा वेळा, आठवड्यातनं दोन दिवस. जागतिक आरोग्य संघटना पण मोठ्या माणसांना आठवड्यातनं किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम करा असंच सांगते, त्याशिवाय १५० ते ३०० मिनिटं चालण्यासारखी मध्यम हालचाल.

व्यायाम करताना दुखलं तर? शून्य ते दहात दुखणं मोजा, तीनपर्यंत चालेल आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ते मूळ जागी आलं पाहिजे. त्याहून जास्त असेल किंवा रात्रभर ठणकत राहिलं तर व्यायाम सोडू नका, कमी करा. आणि दुखणं कुठे सरकतंय याकडे लक्ष ठेवा. पोटरीतली कळ मांडीत आली, मांडीतली कमरेत आली तर कंबर थोडी जास्त दुखली तरी ते बहुतेक चांगलं लक्षण आहे, उलट कंबरेतलं दुखणं पायात उतरायला लागलं तर तो व्यायाम थांबवा आणि दाखवून घ्या.

चालणं. हे मी मुद्दाम वेगळं लिहिते कारण लोकांना चालणं म्हणजे काहीच नाही वाटतं. २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला, कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेले ७०१ लोक, त्यातल्या निम्म्यांना हळूहळू वाढवत चालायला लावलं आणि थोडं शिकवलं, बाकीच्यांना काही नाही. चालणाऱ्यांची कंबर परत धरायला मधे २०८ दिवस गेले, बाकीच्यांना ११२. तुमचं दुखणं परत परत येणारं आहे, तर तुमच्यासाठी हे सोन्यासारखं आहे. टिळकवाडीत राहता म्हणजे व्हॅक्सिन डेपो जवळच, तिथली झाडी आणि मोकळी जागा कितीजणांच्या नशिबात असते, नाहीतर कॅम्पातले सावलीचे रस्ते, किल्ल्याच्या तळ्याकडे. दहा मिनिटांपासून सुरू करून आठवड्यातनं पाच दिवस अर्धा तास, हात हलवत, जरा झपझप. जून ते सप्टेंबर आपल्याकडचा पाऊस बाहेर पडू देत नाही, तेव्हा जिना किंवा गच्चीवर शेड असेल तर तिथे, अगदीच नसेल तर फोनवरचं बोलणं सगळं चालत चालत करा. पावसाळ्यात खंड पडला आणि गणपतीत कंबर धरली असे पेशंट दरवर्षी येतात.

सूर्यनमस्काराबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण कुणीतरी सांगणारच, म्हणून लिहिते. सूर्यनमस्कार उत्तम, मी स्वतः सांगते करायला, पण दुखऱ्या दिवसांत पहाटे उठल्या उठल्या नको. रात्रभर झोपल्यावर गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, म्हणून तर सकाळी आपली उंची एखाद-दीड सेंटिमीटर जास्त भरते, आणि अशा टम्म गादीवर पहिल्याच तासात हात जमिनीला टेकवायला वाकलात तर ताण जास्त येतो. उठल्यावर आधी तोंड धुवा, चहा घ्या, वीस मिनिटं चालून या, तासाभराने करा, आणि पुढे वाकायच्या स्थितीत गुडघे सैल सोडून खुब्यातून वाका, हात जमिनीला नाही टेकले तर नाही टेकले. दुखणं पूर्ण शमलं की पूर्ण करा. भुजंगासन बहुतेक टेबलवाल्यांना मानवतं कारण दिवसभर पुढे झुकलेलं असतं, पण त्याने पायात कळ गेली तर ते तुमच्यासाठी नाही.

बेल्ट फार कळ असलेल्या दिवसांत किंवा प्रवासात दोन-चार तास लावा, दिवसभर आणि महिनोन्‌महिने नको, त्याने पुढची कंबरदुखी टळते असं नाही आणि माणसाला बेल्टशिवाय चालायची भीती मात्र बसते. खुर्ची पण महागडी नको, पाय जमिनीला टेकले पाहिजेत, कमरेच्या मागे टॉवेलची गुंडाळी, लॅपटॉप पुस्तकांवर चढवून डोळ्यांच्या जवळपास आणि कीबोर्ड वेगळा, एवढं केलंत तरी पुष्कळ. पलंगावर लॅपटॉप मांडीवर घेऊन काम मात्र बंदच करा. आणि दर अर्ध्या तासाने उठा, दोन मिनिटं पुरे, उभं राहून दोन्ही हात कमरेवर ठेवून पाच वेळा मागे झुका, पाणी पिऊन या. मोबाईलला अलार्म लावा, मीटिंगमध्ये असलात तर कॅमेरा बंद करून उभे राहा, कुणाला कळत पण नाही.

जिम लावू का, तर हो, पण हे दोन महिने झाल्यावर. तोवर बादली आणि तांदळाची पिशवी व्यवस्थित जमली असेल तर डेडलिफ्ट पण तुम्हाला बंदी नाही, तोच काठीवरचा व्यायाम आहे तो, फक्त वजन जास्त. ट्रेनरला पहिल्याच दिवशी कंबरेचं सांगा, आणि त्याने पहिल्या आठवड्यात जड वजन लावलं किंवा पाठ गोल होताना बघून पण थांबवलं नाही तर जिम बदला.

राहिली बेंगळूरची बस. रात्रभराचा प्रवास, पाचशेच्या आसपास किलोमीटर, शक्य असेल तर स्लीपर घ्या, कुशीवर झोपा आणि दोन गुडघ्यांच्या मधे छोटी उशी किंवा घडी घातलेली शाल. सीटच मिळाली तर कमरेमागे तीच गुंडाळी आणि बस जिथे जिथे थांबेल तिथे झोप मोडली तरी उतरून चार पावलं चाला. सगळ्यात जपायचं ते उतरताना. इतके तास एका जागी राहिल्यावर गाद्या आणि हाडांना जोडणारे पट्टे, म्हणजे लिगामेंट, सैल-ताणलेले असतात आणि बरीच माणसं नेमकं त्याच क्षणाला डिकीत वाकून जड बॅग झटक्यात ओढतात आणि तिथेच चमक भरते. उतरल्यावर आधी पाच-दहा मिनिटं उभे राहा, चाला, दोन-तीन वेळा मागे झुका, तोवर क्लीनरला सांगा बॅग खाली काढून ठेवायला. बॅग पण एकच मोठी नको, दोन छोट्या करा, एकेका हातात एक.